चर्चच्या खिडकीवरून काळ कसा ओळखायचा?

कुलाबकर: आपल्या कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८ सालचं, पण घडणीची शैली इंग्लंडच्या तेराव्या शतकातली. तिकडच्या गावांतल्या मूळ चर्चचा काळ कशावरून ठरवतात?

शिल्पवेडी: खिडक्यांवरून. जाड भिंत, लहान झरोका, वर अर्धगोल कमान म्हणजे नॉर्मन राजवटीतल्या शैलीचं, साधारण ११९० च्या आधीचं. उंच, अरुंद, टोकदार आणि मधे दांडाच नाही, ती लॅन्सेट, साधारण १२५० पर्यंतची. पुढे दगडी दांडे वरच्या बाजूला वळून त्यांची जाळी होते. १३५० नंतर तेच दांडे सरळ कमानीपर्यंत चढतात.

जुना गवंडी: खिडकीवर एकटीवर विसंबू नका! वेदीकडच्या पूर्व भागाची डागडुजी पाद्रीकडे, लोक बसतात त्या दालनाची गावाकडे. गावाकडे लोकरीचा पैसा आला की दालन नवं व्हायचं, वेदीकडचा भाग शंभर-दीडशे वर्षं जुनाच राहायचा. मनोऱ्याची दालनाकडची बाजू बघा. तिथे भिंतीवर उलट्या व्ही-सारखी दगडी पट्टी दिसली, तर ती जुन्या उतरत्या छपराची खूण. आजचं छप्पर तिच्या वर असेल, तर भिंती नंतर चढवल्यात.

कुलाबकर: आणि खिडकीचा दगड अगदी कोरा दिसला तर?

जुना गवंडी: मग ती बहुधा एकोणिसाव्या शतकात बदललेली. सांधेही तपासा. मूळ सांधे चुन्याचे असतात. त्यात सिमेंट भरलं की ओल सांध्याऐवजी दगडातून बाहेर पडते, क्षार आत साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सांधा शाबूत, दगड झिजलेला, असं दिसलं की समजा सिमेंट.