स्क्वॉट १२० किलोचा, तरी घोटा सापडतोच!

चढाई_७४
वय २२, वजन ७४, कबड्डीत चढाई करतो. गणपतीनंतर जिम लावली आणि स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठका) ८० वरून १२० किलोवर गेला. ट्रेनरने पहिल्या दिवसापासून एकच घोकवलंय: चार मोजत खाली, चार मोजत वर. मांड्या अशा भरल्यात की जुन्या जीन्स चढत नाहीत. मॅटवर मात्र उलटंच. बोनस गुण घेऊन वळतो तोवर डाव्या कोपऱ्याने (तिथल्या बचावपटूने) घोटा धरलेला असतो. तीन सामन्यांत पाच वेळा! मंडळातले जुने म्हणतात, लोखंड उचलून पाय जड झाले. खरंय का?

निदानरेषा
वीस वर्षं खेळलो, आता पोरांना शिकवतो. लोखंडाला बोल लावू नकोस, घोळ त्या 'चार मोजत वर'चा आहे. पॉवर म्हणजे ताकद गुणिले वेग. तू एकच बाजू वाढवलीस. स्नायूला पूर्ण जोर लावायला साधारण तीन दशांश सेकंद तरी लागतात. कोपरा तेवढा थांबतोय होय? बोनस रेषेपासून मध्यरेषा पावणेपाच मीटर, पण निकाल पहिल्या पावलातच लागतो.

खाली सावकाश जा, वर मात्र जीव खाऊन ये. वजन जड असेल तर बार हळूच चढेल, चालेल. ढकलताना घाई हवी. दुसरं, साध्या स्क्वॉटमध्ये वर पोचता पोचता आपणच ब्रेक लावतो. म्हणून २०-३० किलो घेऊन उडीचे स्क्वॉट मार. चार-पाचच, मग तीन मिनिटं बस. घाम काढायचा व्यायाम नाही हा. शेवटी बिनवजनाच्या उड्या: बोटांना खडू लावून भिंतीवर खूण कर, हात दोन बोटं खाली आला की त्या दिवशी बंद.

गुडघेदुखी_माजी
दादांचं पटतं, पण संथ स्क्वॉटला इतकं झोडपू नका. वाटीखालची शीर धरली होती तेव्हा फिजिओने जड वजनाचे संथ स्क्वॉटच दिले, त्यावरच मी उभी राहिले. आणि उडीनंतर धप्पकन आपटू नकोस. आवाज आला तर वजन कमी कर.

चढाई_७४
काल केलं. पहिली उडी खुणेवर, पाचवी चार बोटं खाली! म्हणजे तिसरीलाच थांबायला हवं होतं. ट्रेनर विचारतो, भिंत कोण पुसणार? रविवारी सामना आहे, समोर तोच कोपरा.