हॅम रेडिओत, म्हणजे लायसन्स काढून हौसेनं वायरलेसवर बोलण्याच्या छंदात, नवीन माणूस टिकत का नाही?

खरखर: कुणी नवीन आला की आपण त्याच्या हातात काय देतो, तर ओहमचा नियम आणि परीक्षेची प्रश्नावली. अरे आधी ऐकू तर द्या! परवा भाच्याला गच्चीवर नेलं, स्पेस स्टेशन डोक्यावरून जाणार होतं, तिथून अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रं पाठवतात. हातातल्या छोट्या रेडिओ सेटच्या स्पीकरला, आवाजातून चित्र काढणारं ॲप लावून फोन टेकवला, चिरचिर सुरू झाली आणि स्क्रीनवर ओळ ओळ करत चित्र उतरायला लागलं. पोरगं जागचं हललं नाही. शेवटच्या ओळी खरखरीत गेल्या तर म्हणतो, मामा पुढचं कधी? आता स्टेशन जवळ येताना-लांब जाताना फ्रिक्वेन्सी सरकते, तो डॉप्लर म्हणजे काय ते स्वतःहून विचारतोय.

जुनी की: ही जत्रा झाली हो. टाळ्या वाजवणाऱ्यांतले परीक्षा देतात किती? मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या कोडची, आंतरराष्ट्रीय सक्ती २००३ मध्ये गेली, आता अजून काय सोपं करायचं? लोक लायसन्स काढतात, चार दिवस रिपीटरवर (आपला सिग्नल उचलून लांबवर पुन्हा सोडणारं स्टेशन) हॅलो हॅलो, मग सेट ड्रॉवरमध्ये. मला मोर्सच्या कीवर हात बसायला सहा महिने लागले, म्हणूनच सुटत नाही.

पाच वॅट: ड्रॉवरमध्ये का जातो ते मी सांगतो, माझाच गेला होता. आठवडाभर रोज संध्याकाळी रिपीटरवर कॉलसाइन, म्हणजे लायसन्सवरचं माझं ओळखनाव, टाकला, उत्तर शून्य, आणि माझं संपलं रे संपलं की दोन जुने लोक आपापल्या गुडघेदुखीवर सुरू. म्हणजे मी ऐकू येत होतो ना! मला एफटी८ने, म्हणजे कॉम्प्युटरवरून छोटे मेसेज पाठवणाऱ्या डिजिटल मोडने, वाचवलं. पाच वॅट, खिडकीतून सोडलेली वायर, १५ सेकंदांची पाळी आणि समोर दुसऱ्या खंडातला माणूस.

जुनी की: माणूस कुठला, कॉम्प्युटर कॉम्प्युटरशी बोलला. सिग्नलचा रिपोर्ट, ७३ (म्हणजे शुभेच्छा), खेळ खल्लास. त्याचं नाव तरी कळलं का?

पाच वॅट: नाही कळलं. पण ज्या जो टेलरनी स्टीव्ह फ्रँकेबरोबर २०१७ला हे काढलं ते नोबेलवाले फिजिसिस्ट आहेत, सिग्नल नॉइजच्या २० डेसिबल खाली असला तरी निघतो, तेव्हा यात शिकण्यासारखं काही नाही असं तरी म्हणू नका. २० मीटर बँडचा डायपोल, म्हणजे मधोमध जोडलेल्या दोन तारांची अँटेना, साधारण १० मीटरचाच का, हे मला त्याच नादात कळलं.

वायरगुंडाळी: मोडवरून भांडताय कशाला, चित्र दाखवल्यावर पुढच्या रविवारी त्या पोराबरोबर अँटेना कोण बांधणार ते बोला. आणि बाईचा आवाज आला की ‘सेट कुणी लावून दिला’ हे विचारणं तेवढं बंद करा.

जुनी की: गुडघे दुखतात त्याला मी काय करू. आणि नुसता कॉलसाइन टाकून गप्प बसायचं नसतं, ‘ऐकतोय’ म्हणायचं असतं, नाहीतर वाटतं कुणीतरी सेट तपासतोय.

पाच वॅट: हे त्या आठवड्यात एकानं तरी सांगितलं का?