मदत हवी आहे: पोस्टग्रेसमध्ये मराठी आडनावांचा क्रम आणि एन्कोडिंग

मंडळी, ठाण्यातल्या एका वाचनालयाच्या सभासद-यादीचं काम माझ्याकडे आलंय. सर्व्हर आधीच्या कंत्राटदाराने लावलेला, डेबियन लिनक्सवर पोस्टग्रेस १५ (डेटाबेस सांभाळणारी प्रणाली). स्क्रीनवर मराठी नीट दिसतं, त्यामुळे आजवर कुणाला शंका आली नाही. पण 'ठाणे' या शब्दाची लांबी विचारली तर काना-मात्रा वेगळे धरून ४ यायला हवी, त्याऐवजी बाइट मोजून १२ येते, आणि नावाचं पहिलं अक्षर काढायला गेलं की कचरा हाती लागतो.

डेटाबेसचं एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) एस्क्यूएल-आस्की निघालं, म्हणजे बाइट जसेच्या तसे, अक्षरांची ओळख नाही; लोकेल (भाषेचे नियम) नुसतं 'सी', म्हणजे क्रमही बाइटनुसारच. क्रमाचाही घोळ आहेच: काळे हे काशिद-कासारांच्या आधी, आणि क्षीरसागर कोळींच्या खाली, खरेंच्या वर. ग्रंथपाल बाईंना शाळेतली वर्णमाला हवी: ह, मग ळ, मग क्ष, ज्ञ. 'एमआर-एक्स-आयसीयू' हे आयसीयू लायब्ररीचं मराठी कोलेशन (क्रमाचे नियम) लावलं तर या एन्कोडिंगसाठी ते नाहीच, असं उत्तर. युटीएफ-८ (युनिकोड) एन्कोडिंगचा नवा डेटाबेस काढायला गेलो तर टेम्प्लेटशी (ज्याची नक्कल करून नवा डेटाबेस बनतो त्याच्याशी) जुळत नाही म्हणून नकार.

अख्खं क्लस्टर (सर्व्हरवरचे सगळे डेटाबेस मिळून) नव्याने बांधू का? आणि मराठी लोकेल पूर्ण डेटाबेसला द्यावं की फक्त आडनावाच्या कॉलमला?

खारीगावकर: क्लस्टरला हात लावू नका. नवा डेटाबेस काढताना टेम्प्लेट झीरो सांगा. टेम्प्लेट वनमध्ये कुणी जुन्या एन्कोडिंगचा माल भरून ठेवलेला असू शकतो म्हणून पोस्टग्रेस अडवतं. झीरो कोरा असतो. चालू डेटाबेसचं एन्कोडिंग बदलत नाही, तेव्हा डंप (सगळा डेटा फाइलमध्ये) घ्या आणि नव्यात भरा. युटीएफ-८ नसलेले बाइट आले तर भरणं तिथेच थांबेल, ओळ क्रमांकासकट. श्रीलिपीतून (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधून) चिकटवलेली नावं मात्र निमूट आत शिरू शकतात (बाइट वैध, अक्षरं भलतीच). ती डोळ्यांनीच शोधावी लागतील.

ऐरोली_डीबीए: खारीगावकरांशी सहमत. डेटाबेसचं लोकेल 'सी'च राहू द्या आणि कोलेशन फक्त यादी काढायच्या क्वेरीत, ऑर्डर बायमध्ये (क्रम सांगणाऱ्या भागात) लावा. वाचनालयाच्या यादीला तेवढा वेग पुरतो, आणि 'का'ने सुरू होणारी नावं शोधताना साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) वापरता येतो. मराठी कोलेशनवर इंडेक्स बांधलात तर आयसीयूची आवृत्ती बदलल्यावर तो पुन्हा बांधावा लागेल. ग्लिबसीच्या (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या) लोकेललाही हेच लागू: २०१८च्या २.२८ आवृत्तीत क्रम बदलला आणि जुने इंडेक्स चुकीचे ठरले. आधी नव्या युटीएफ-८ डेटाबेसात काळे, कासार, क्षीरसागर एवढ्या तीन नावांवर क्वेरी चालवून बघा, बाईंना क्रम दाखवा, मगच डंप घ्यायला बसा.