गटात बसत नाही? सोसायटी, लोकल, भाड्याचं घर – काय चालतं, काय फसतं

ठाणे-नवी मुंबईत नवीन आलेल्यांसाठी हा धागा. रडगाणी नकोत, उपाय लिहा.

घोडबंदरकर
वार्षिक सभेत एकदम उठून विरोध करू नका. नोटीस 14 पूर्ण दिवस आधी यावी लागते (विशेष सभेची 5). खरं काम त्याच दिवसांतलं. मुद्दा अर्ध्या पानात लिहून सेक्रेटरींना द्यायचा, प्रतीवर पोच घ्यायची. मग विंगमधल्या एकाच माणसाला गाठायचं. त्याने सभेत 'मलाही पटत नाही' एवढं म्हटलं तरी पुरे. ठराव 'सर्वानुमते' लिहायला घेतला की तिथल्या तिथे सांगायचं, 'माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा.' नंतर लिफ्टमध्ये कुरकुरून उपयोग शून्य. आणि पहिल्याच वर्षी पार्किंगला हात घालू नका! टाकीच्या सफाईवर देखरेख मागून घ्या. ते काम कुणालाच नको असतं, त्यामुळे लगेच मिळतं.

वाशी-सेक्टरवाले
वरचा 'एकच माणूस' मुद्दा पक्का आहे. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या 1951च्या प्रयोगात रेषांची लांबी ओळखायची होती. गटात खरा सहभागी एकच, बाकी सगळे अ‍ॅशचे पढवलेले. ते 18पैकी 12 फेऱ्यांत ठरवून चुकीचं सांगत. सुमारे तीन चतुर्थांश खरे सहभागी एकदा तरी त्यांच्यामागे गेले. दबाव यायला तीन जण पुरले. पुढे माणसं वाढवून फारसा फरक पडला नाही. खरं बोलणारा एक साथीदार दिला की चुका एकदम घटल्या. पण तो मधेच बहुमताला मिळाला की पुन्हा वाढल्या. म्हणून साथीदार निवडताना ज्याला सेक्रेटरींकडून पार्किंग हवंय, तो टाळा. उत्तर लेखी घेतलं तेव्हाही लोक कमी वाहवले. वादाच्या विषयावर हात वर करण्याऐवजी गुप्त मतदान मागा, ते याचसाठी.

कोपरखैरणे लोकल
ट्रान्स-हार्बरला (ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी लोकल) रोज तीच गाडी, तोच डबा, तेच दार. ग्रुपने रुमाल टाकून अडवलेल्या जागेला नियमात आधार नाही, पण पहिल्या आठवड्यात त्यावर भांडलात तर वर्षभर उभे. त्याऐवजी 'कुठे उतरणार?' विचारून जागा सांगून ठेवा. ही रीत ग्रुपवालेही मोडत नाहीत. चौथी सीट (तिघांच्या बाकावर कडेला सरकून मिळते ती) मिळाली तर घ्या, गप्पा तिथूनच सुरू होतात. धक्काबुक्की झाली तर मात्र थेट 139, रेल्वेची हेल्पलाइन.

भाडेकरू, खारघर
भाडेकरूला सभेत मत नसतं, नाममात्र सभासद झालात तरी नाही. त्यावर वाद घालू नका, मुद्दा घरमालकामार्फत लेखी पाठवा. बिनभोगवटा शुल्क (घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी मालकाला लावते ते) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच लावता येतं. जास्त लावलं तर मालकाला दाखवा. गणपतीत वर्गणी देऊन घरात बसलेला बाहेरचाच राहतो. प्रसादवाटपाची एक पाळी मागा, शक्यतो मधल्या वारची. शनिवार-रविवारच्या पाळ्या जुन्या घरांनी आधीच धरलेल्या असतात.