उपास सोडणे, मोडणे आणि ‘दोन जिवांची’

पेठेतली :
ललिता पंचमीला कोल्हापुरात टेंबलाईच्या टेकडीवर कोहळा फोडायचा सोहळा बघून घरी आलो आणि शब्दांवरून जुंपली. धाकट्या जावेला सहावा महिना. तिचं म्हणणं, दरवर्षीसारखी यंदाही अष्टमी निरंकार करणार. आत्ती (सासूबाई) वाती वळता वळताच म्हणाल्या, “दोन जिवांचीला निरंकार नसतोय बाय. तुझा मी धरते.” जाऊ म्हणाली, म्हणजे माझा मोडलाच की. आत्ती : “मोडला न्हाई. मी घेतला.”
निरंकार म्हणजे पाण्याचा थेंबही नाही, एवढं माहीत आहे. पण शब्द आला कुठून? सोडणे-मोडणे यात नेमका फरक काय? आणि ‘दोन जिवांची’ किती जुनं?

शब्दवेडा :
सोडला म्हणजे वेळेवर, रीतसर जेवून संपवला. मोडला म्हणजे शेंगदाणा समजून फुटाणा तोंडात गेला. एकादशीचा द्वादशीला सोडायचा ते पारणं, आणि पारणं फेडतात. डोळ्यांचं पारणं फिटतं ते इथूनच, डोळेच उपाशी होते म्हणून.
उपवास म्हणजे उप + वस्, जवळ राहणे. शतपथ ब्राह्मणात याची झकास उपपत्ती आहे : यज्ञाच्या आदल्या दिवशी देव यजमानाच्या घरी मुक्कामाला येतात. पाहुणे जेवायच्या आत यजमानानं कसं जेवायचं? म्हणून उपवास. पालीतला उपोसथ, म्हणजे बौद्धांचा उपासाचा दिवस, याच घरचा. उपोषणही याच धातूचं, फक्त ते हल्ली कलेक्टर कचेरीसमोर बसतं.
निरंकारबद्दल माझी अटकळ अशी की बोलण्यात निराहार आणि निराकार एकमेकांत मिसळले. देव निरंकार, उपासही निरंकार.

काढा :
आत्तींच्या बाजूला आयुर्वेदाचा वाग्भट उभा आहे. त्याच्या अष्टांगहृदयाच्या शारीरस्थानात, पहिल्याच अध्यायात, गर्भिणीनं काय टाळावं याची यादी आहे. तिच्यात उपवास स्पष्ट येतो, त्याला लागूनच अध्व, म्हणजे प्रवास. पण खरी गंमत आधीच्या ओळीत : ‘वेगश्रद्धाविधारणम्’. वेग, म्हणजे शिंक-लघवी वगैरे, दाबू नयेत हे समजलं. श्रद्धा दाबू नये हे काय? इथे श्रद्धा म्हणजे डोहाळे! एखादी गोष्ट हवीशी वाटणं. आज जावेला उपास धरायला लावते तीही श्रद्धा, आणि चिंच मागायला लावते तीही. वाग्भटाच्या मते दुसरी पुरवायची.
‘दोन जिवांची’चं उत्तरही इथेच आहे. गर्भाचं हृदय आणि आईचं हृदय, म्हणून ती द्विहृदया आणि तिची इच्छा ती दौहृद. दोहद, दोहल, डोहाळा हे त्याच कुळातले. सुश्रुत तर सांगतो की डोहाळे डावलले तर मूल कुबडं, लंगडं, जड, ठेंगू निपजतं. तिकडे स्मृतिकार याज्ञवल्क्य पांगळा, आंधळा, जड यांना वारसाहक्क नाकारतो. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवले की राजवाड्यात राणीचे डोहाळे एवढे का पुरवत, ते कळतं. वैद्यक म्हणून आज हे कुणी मानू नये, शब्द म्हणून वाचावं.
अजून एक. भागवताच्या सहाव्या स्कंधात इंद्राला मारणारा मुलगा व्हावा म्हणून दैत्यांची आई दिती गरोदरपणी वर्षाचं व्रत धरते. एका संध्याकाळी उष्ट्या तोंडानं, पाय न धुता तिचा डोळा लागतो, इंद्र आत शिरून गर्भाचे एकोणपन्नास तुकडे करतो, त्यांचे मरुत नावाचे देव होतात. इंद्रासन वाचलं. तिचा डोळा का लागला? भागवतकारानं तिथे एक विशेषण टाकलंय : ‘व्रतकर्शिता’. व्रतानं कृश झालेली.

मिसळकट्टा :
म्हणजे राण्यांच्या उपासांमुळेच आपल्या कोल्हापूरच्या गादीला इतके दत्तक? परदेशात रमजानवर अभ्यास झालाय म्हणे, मुलगे कमी होतात.

जुना राजवाडा :
दमानं घ्या. अभ्यास खरा आहे, 2011 चा. मिशिगनमधल्या अरब मातांच्या नोंदींत, गरोदरपणात रमजान आला तर बाळांचं वजन थोडं कमी आणि मुलग्यांचं प्रमाणही थोडं कमी दिसलं. पण प्रत्यक्ष रोजा कुणी धरला होता, हे त्या नोंदींत नव्हतं. शिवाय रोजा म्हणजे सूर्यास्तापर्यंत पाणीही नाही, आणि आपली एकादशी दुप्पट खाशी. तराजूच वेगळे.
गादीचं म्हणाल, तर दुसरे राजाराम महाराज 1870 साली फ्लॉरेन्समध्ये गेले, चौथे शिवाजी 1883 साली नगरला. दोघंही विशीतच. मग 1884 साली कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक आले, तेच राजर्षी शाहू. राणीच्या साबुदाण्याचा इथे काय संबंध?
पोटातल्या जीवावर गादी खरंच अडली ती 1760 साली. कोल्हापूरचे (शिवरायांचे पुत्र नव्हेत) संभाजीराजे गेले, पेशव्यांचा डोळा राज्यावर. त्यांच्या राणी जिजाबाईंनी सांगून टाकलं, सवत कुसाबाई गरोदर आहेत. त्या एका शब्दावर राज्य तगलं. पुढे 1762 साली खानवटच्या भोसल्यांचा मुलगा दत्तक घेतला.
जाता जाता : औरस हा शब्द उरस्, म्हणजे छातीवरून. बाई म्हणते ‘पोटचा’, शास्त्र म्हणतं ‘छातीचा’. शास्त्र कुणी लिहिलं ते ओळखा.

पेठेतली :
आत्तींना ‘व्रतकर्शिता’ वाचून दाखवलं. म्हणाल्या, “म्हंजे उपासानं वाळली. त्येला एवढं जोडाक्षर कशाला?” जाऊ चिंच खात होती.