मदत हवी आहे : कबुली नसताना शिक्षा कशी झाली?

मंडळी, अठराव्या शतकातल्या रशियन फौजदारी खटल्यांवर टिपण लिहितोय आणि एका ठिकाणी अडलोय. पहिल्या पीटरने १६९७ मध्ये वादी-प्रतिवादींच्या सुनावणीऐवजी न्यायाधीशानेच तपास करायची पद्धत आणली. पुढच्या नियमावलीत आरोपीची कबुली हा सर्वश्रेष्ठ पुरावा, आणि ती मिळवायला छळ कायदेशीर! १७२३ मध्ये तोंडी सुनावणी परत आली, पण राजद्रोहासारखे गुन्हे वगळून.

मग आपल्या भूदासांना (जमिनीला बांधलेल्या, मालकाच्या ताब्यातल्या शेतकऱ्यांना) मारल्याचा आरोप असलेल्या जमीनदारीण दार्या साल्तिकोवाच्या खटल्याचं काय? १७६२ मध्ये तिच्या दोन भूदासांनी थेट महाराणी कॅथरीनकडे तक्रार पोचवली. त्यातल्या एकाच्या तीन बायका तिने मारल्या असं त्याचं म्हणणं होतं. केवढी हिंमत ही! तपासात दुसऱ्या कैद्याचा छळ तिला समोर उभं करून दाखवला, तरी ती काहीच कबूल झाली नाही. शेवटी शेजारीपाजारी, गावकरी यांच्या जबान्या घेतल्या आणि १७६८ मध्ये ३८ मृत्यूंसाठी ती दोषी ठरली.

अशा जबान्यांना कबुलीइतकं वजन द्यायला तेव्हाच्या कायद्यात आधार होता, की महाराणीचा शब्दच निर्णायक ठरला? रशियन वाचणारं किंवा कायद्याचा इतिहास शिकवणारं कुणी असेल तर कृपया सविस्तर सांगा.