मांजरीच्या खाण्याचा खर्च कसा बसवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. घरी 18 किलोचा गावठी कुत्रा आहे, आणि गेल्या पावसाळ्यात जिन्याखाली भिजून थरथरत बसलेली मांजरी, आता साडेतीन किलोची झालीय.

कुत्र्याचं भागतं. ज्वारीची भाकरी, दहीभात, अंडं आणि हाडं काढून शिजवलेलं चिकन, कांदा-लसूण-मीठ काही नाही. महिन्याला साधारण 1200 रुपये. मांजरीला भाकरी कुस्करून दिली तर नुसती हुंगते आणि पंजानं फरशी खरवडते, जणू झाकून टाकायचीय. डॉक्टर म्हणाले, मांजर पक्कं मांसाहारी. अन्नातून टॉरिन (मांसातून मिळणारा एक घटक) मिळालं नाही तर डोळे आणि हृदय बिघडतं, कुत्र्याचं खाणं तिला पुरत नाही. म्हणून तयार कोरडं खाणं आणते, रोज 50 ग्रॅम. त्याचे महिन्याला 650 रुपये. वजनाच्या हिशोबानं ती कुत्र्याच्या जवळजवळ तिप्पट महाग पडते!

तिचं पोट मारायचं नाहीये. निम्मं कोरडं, निम्मं घरचं चिकन किंवा मासे असं कुणी देतं का? किती प्रमाणात? आणि मिरजेत किंवा इथं मोठी पिशवी स्वस्त पडते का? पावसाळी हवेत ती मऊ न पडता कशी टिकवता, तेही सांगा.